मदत हवी आहे : आरएक्स १०० गरम झाली की रेस खाली येत नाही

जुनी आरएक्स १०० (यामाहाची टू-स्ट्रोक बाइक) घरीच दुरुस्त करून चालू करतोय. थंड असताना आयडलिंग (थ्रॉटल न देता इंजिन मंद चालणं) बरोबर. गरम झाली की थ्रॉटल सोडला तरी रेस चढलेलीच राहते, स्पार्क प्लगही पांढरा पडतो. म्हणजे कुठून तरी हवा खेचतेय. कार्बोरेटर साफ, इनटेकचं रबर नवीन, केबलला ढिलाई आहे.

इनटेक-एक्झॉस्ट बंद करून इंजिनात ६ पीएसआय दाबाने हवा भरली, तर मिनिटभरात उतरते. साबणाचे बुडबुडे मॅग्नेटकडच्या (डाव्या बाजूच्या) क्रँक सीलपाशी, म्हणजे क्रँकशाफ्टभोवती हवा अडवणाऱ्या रबरी कड्यापाशी. गिअर ऑइल इंजिनात खेचलं जाऊन घटत नाही, त्यामुळे क्लचकडच्या सीलवर संशय नाही.

मॅग्नेट पुलरने काढून डावं सील बाहेरूनच बदलावं म्हणतो. पण बेअरिंग खेळत असेल तर नवीन सीलही टिकायचं नाही. क्रँकचा वर-खाली प्ले (हलण्याची मोकळीक) डायल गेजवर (बारीक हालचाल मोजायच्या मापकावर) किती चालतो? की इंजिन खोलून दोन्ही बेअरिंग एकदमच बदलू? तोवर गाडी बंदच, उगाच पिस्टन जाम व्हायचा.