जोजोबात मिसळलेले गुलाबतेल आणखी किती पातळ करावे? (मदत हवी आहे)

नमस्कार. मी ग्वाल्हेरला, लष्कर भागात राहते. माझ्या सासूबाई 74 वर्षांच्या आहेत आणि थंडीत त्यांच्या हातापायांची त्वचा इतकी कोरडी पडते की खाजेमुळे रात्री त्यांची झोप मोडते. गुलाबाचा वास त्यांना मनापासून आवडतो, म्हणून मी गुलाबतेलाची 10 मिलिलिटरची बाटली मागवली. तिच्यावर ‘जोजोबा तेलात 3 टक्के’ असे छापलेले आहे. एक किलो शुद्ध तेलासाठी तीन ते चार हजार किलो फुले लागत असल्याने ते असे मिसळलेलेच परवडते, हे मला मान्य आहे.

पण ‘30 मिलिलिटर तेलात 6 थेंब’ हे जे प्रमाण सगळीकडे सांगतात, ते माझ्या बाटलीला लागू पडते का? मला हे तेल तिळाच्या तेलात घालायचे आहे. शिवाय परवाच्या कडाक्याच्या थंडीत बाटलीतले तेल पांढरट होऊन गोठले. शेजारच्या काकू त्यात भेसळ असल्याचे म्हणतात. सासूबाईंच्या अंगाला लावायचे असल्यामुळे मनात शंका ठेवून ते वापरावेसे वाटत नाही.

प्रतिसाद:

ताई, ते प्रमाण शुद्ध तेलाचे आहे आणि त्याने सुमारे 1 टक्का मिश्रण होते. आपल्या बाटलीतले 6 थेंब घातले, तर गुलाबाचा अंश जेमतेम 0.03 टक्के उतरेल. पूर्ण बाटलीत 0.3 मिलिलिटर गुलाबतेल आहे. ती 20 मिलिलिटर तिळाच्या तेलात ओतली तर 1 टक्का आणि 50 मिलिलिटरमध्ये ओतली तर अर्धा टक्का मिश्रण होईल. खाजणाऱ्या, वयस्क त्वचेसाठी मी अर्धा टक्काच घेईन, कारण कोरडेपणा तिळाचे तेलच कमी करणार आहे आणि गुलाबातील जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल हे घटक काहींना सोसत नाहीत.

जोजोबा साधारण 10 अंशांखाली खोबरेलासारखे गोठते, त्यामुळे गोठण्यावरून भेसळ सिद्ध होत नाही. अर्थात गुलाबाची शुद्धताही त्यावरून ठरत नाही. बाटली कोमट पाण्यात ठेवा आणि तेल पूर्ण पातळ झाल्यावरच ते मोजून घ्या. खाजवून सोललेल्या जागी ते मुळीच लावू नका, आणि झोप मोडण्याइतकी खाज असल्याने सासूबाईंना एकदा त्वचारोगतज्ज्ञांना अवश्य दाखवा. त्यांनी हरकत घेतली नाही, तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून एक दिवस वाट पाहा.