मदत हवी आहे : जुन्या मोंब्लां १४९ पेनाची स्थिती आणि किंमत कशी ठरवावी?

नमस्कार. माइस्टरश्ट्युक मालिकेतील मोंब्लां १४९ हे फाउंटन पेन पुण्यातील एका परिचित कुटुंबाकडून विकत घ्यावे किंवा नाही, याबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे. घरातील आजोबांनी ते १९८० च्या दशकात परदेशवारीत घेतले होते, असे त्यांचे म्हणणे आहे. पावती किंवा पेटी मात्र नाही, आणि अपेक्षित किंमत ३५,००० रुपये आहे.

क्लिपच्या मुळाशी असलेल्या कड्यावर ‘डब्ल्यू. जर्मनी’ (म्हणजे पश्चिम जर्मनी) अशी अक्षरे आहेत, पण अनुक्रमांक नाही. निबवर ४८१० आणि ५८५ हे आकडे स्पष्ट वाचता येतात. टोपणावर आजोबांचे नाव कोरलेले आहे. मागची कळ फिरवली असता पिस्टन (शाई आत ओढणारा दट्ट्या) अर्ध्यावर अडतो, म्हणून मी जोर लावला नाही. अनुक्रमांक नसणे हे नकली असल्याचे लक्षण समजावे काय? कोरलेले नाव घासून काढून घ्यावे काय? आणि मागितलेली किंमत रास्त आहे काय?

प्रतिसाद :

नमस्कार. अनुक्रमांकाची काळजी नसावी, कारण कड्यावर तो कोरण्याची पद्धत १९९० नंतरची आहे, आणि ‘डब्ल्यू. जर्मनी’ ही अक्षरे जर्मनीच्या एकीकरणापूर्वीची असल्यामुळे कुटुंबाने सांगितलेल्या काळाशी ती जुळतात. नकली पेनांत बहुधा पुढचा भाग फिरवून काढता येतो आणि आत कन्व्हर्टर (शाईची वेगळी काढता येणारी नळी) निघतो. १४९ मध्ये शाई पिस्टननेच भरली जाते, त्यामुळे अडलेला का असेना, पिस्टन असणे ही जमेची बाजू आहे. तरीही कडे, टोपण आणि निब बदलता येतात, म्हणून एका खुणेवर भिस्त ठेवू नये.

५८५ म्हणजे १४ कॅरेट सोने. पण मोल सोन्यापेक्षा टोकावरच्या कठीण धातूच्या थेंबाचे अधिक आहे. सोनाराच्या भिंगाखाली तो एका बाजूने झिजून सपाट झाला आहे का आणि निबच्या मधल्या चिरेच्या दोन्ही बाजूंची पाती एका पातळीत आहेत का, हे पाहावे. एखादे पाते वाकलेले असल्यास ते सरळ करून मिळते, परंतु झिजलेला थेंब पुन्हा बसवणे खर्चाचे असते आणि ते करणारे हात फार थोडे आहेत. टोपणाच्या काठावर केसासारखा तडाही शोधावा.

पिस्टन बहुधा सुकलेल्या शाईमुळे अडला असावा. मालकांची परवानगी घेऊन निबेकडचा भाग साध्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवावा. गरम पाणी किंवा स्पिरिट मुळीच वापरू नये. नावामुळे किंमत थोडी उतरते हे खरे, पण ते घासल्यास पृष्ठभाग कायमचा खोलगट होतो आणि पुढच्या जाणकार ग्राहकाला शंका येते.

निब चांगली असेल आणि पिस्टन मोकळा झाला, तर ३५,००० रुपये मला अवाजवी वाटत नाहीत. तो अडलेलाच राहिल्यास मात्र दुरुस्तीचा अंदाज आधी लेखी घ्यावा आणि तेवढी रक्कम वजा करूनच बोलणी करावी.