मदत हवी आहे: मेमरी इंटिग्रिटी ऑन होत नाही, भंगारात गेलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर काढू का?

नमस्कार मंडळी, कोपरखैरण्याला आमच्या वहिनीचं सेतूचं दुकान आहे, दाखले, पॅन, पीएम किसानची केवायसी, पेन्शनवाल्यांचं जीवन प्रमाण असं सगळं चालतं. पीसी एकच, विंडोज 11 प्रो, आणि प्रिंटर, स्कॅनर, वेबकॅम, थंब मशीन सगळं त्याच्याच यूएसबीला. पीसीचं मी बघतो. आता झालंय असं की विंडोज सिक्युरिटीच्या कोअर आयसोलेशनमध्ये जाऊन मेमरी इंटिग्रिटी (विंडोजच्या गाभ्यात घातक कोड घुसू न देणारी सोय) ऑन करायला गेलं की इनकम्पॅटिबल ड्रायव्हर म्हणून दोन नावं येतात आणि ती काही ऑन होत नाही. एक थंब मशीनचा. दुसरा ज्या प्रिंटरचा आहे तो कधीच भंगारवाल्याकडे गेला, पण त्याची फाइल अजून सिस्टम32 मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरमध्ये बसलीये आणि ड्रायव्हरक्वेरी ही कमांड /v लावून टाकली तर चक्क रनिंग दाखवते.

मला हे सोडून देण्यासारखं वाटत नाही. ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालतो, त्यात भोक असलं की साध्या युजर अकाउंटमध्ये शिरलेला व्हायरससुद्धा पूर्ण मशीनचा ताबा घेऊ शकतो, अँटीव्हायरस बंद करू शकतो. 2021 मध्ये एचपी, सॅमसंग, झेरॉक्सच्या बऱ्याच प्रिंटरांच्या ड्रायव्हरमध्ये असंच भोक सापडलं, ते 2005 पासून त्यात होतं, आणि प्रिंटर जोडलेला नसला तरी तो ड्रायव्हर बूटला लोड व्हायचा. ऑक्टोबर 2025 च्या अपडेटमध्ये तर मायक्रोसॉफ्टने विंडोजबरोबरच येणारा एका जुन्या फॅक्स मोडेमचा ड्रायव्हर दुरुस्त न करता सरळ काढूनच टाकला, कारण हल्लेखोर तो वापरत होते आणि मोडेम नसला तरी मशीन धोक्यात होतं.

थंब मशीनच्या सपोर्टला फोन केला तर म्हणे "ते ऑफच ठेवा सर". असं कसं ऑफ ठेवायचं? लोकांचे आधार, पासबुकं इथे स्कॅन होतात, म्हाताऱ्या आज्या विश्वासाने अंगठा ठेवतात. वहिनीचं म्हणणं, "भावोजी, ॲडमिशनच्या गर्दीत मशीनला हात लावायचा नाही", तेही बरोबरच आहे, एक दिवस बंद राहिलं तर लोकांचे दाखले अडकतात.

तर प्रिंटरचा ड्रायव्हर उडवला तर बाकीचं काही बंद पडेल का, थंब मशीनचं काय करू, आणि गिऱ्हाईकं पेन ड्राइव्ह घेऊन येतात त्याचं काय?

रबाळे_हार्डवेअर:
प्रिंटरचा बिनधास्त काढा, फक्त फाइल हाताने डिलीट करू नका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये शो हिडन डिव्हायसेस करा, फिकट दिसणारा जुना प्रिंटर अनइन्स्टॉल करा, मग ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये पीएनपीयुटिलने ड्रायव्हरांची यादी काढा, प्रत्येकाला ओईएम आणि पुढे नंबर असं नाव असतं. त्याच कमांडने आधी तो एक्सपोर्ट करून दुसरीकडे ठेवा, मगच डिलीट. गडबड झालीच तर परत टाकता येतो. नंबर मात्र दोनदा बघा, नाहीतर स्कॅनरचा उडायचा.

थंब मशीन एल0 आहे की एल1 ते आधी बघा. एल0 मध्ये अंगठ्याचं एन्क्रिप्शन आणि सही पीसीवरच्या सॉफ्टवेअरमध्ये होते, म्हणजे पीसीच ताब्यात गेला तर अवघड आहे. एल1 मध्ये ते मशीनच्या आत सुरक्षित भागात होतं. एल0 असेल तर ड्रायव्हरच्या मागे लागूच नका, मशीन बदला. एल1 असेल तर नवीन आरडी सर्व्हिस (थंब मशीन आधारच्या कामाला जोडणारं सॉफ्टवेअर) आणि ड्रायव्हर टाकून बघा, कधी कधी नुसतं तेवढ्याने इनकम्पॅटिबल जातं.

ठाणे_पूर्व:
पेन ड्राइव्हपुरतंच बघू नका. 2014 मध्ये दाखवलं गेलंय की पेन ड्राइव्हचं फर्मवेअर (आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून तो स्वतःला कीबोर्ड म्हणून सांगू शकतो, मग ऑटोरन बंद असून काय उपयोग. 2021 मध्ये रेझरचा माउस नुसता लावला की विंडोज त्याचं सॉफ्टवेअर आपणहून आणायचं आणि त्या इन्स्टॉलरमधून साध्या युजरला सिस्टमचे, म्हणजे सर्वात वरचे अधिकार मिळायचे. तुमचं प्रो आहे ना, मग ग्रुप पॉलिसीत (विंडोजचे नियम ठरवायची जागा) डिव्हाइस इन्स्टॉलेशन रिस्ट्रिक्शन्स आहे, त्यात आपली डिव्हायसेस तेवढी अलाऊ करून बाकी सगळं बंद करता येतं. पण कीबोर्ड-माउस अलाऊ यादीत नक्की घाला, कारण सिरीयल नंबर नसलेलं डिव्हाइस दुसऱ्या पोर्टला लावलं की विंडोजला ते नवीनच वाटतं आणि ऐन गर्दीत कीबोर्ड चालायचा नाही.

कोपरखैरणेकर (धागाकर्ता):
दोघांचे मनापासून आभार. प्रिंटरचा एक्सपोर्ट करून काढला, रीस्टार्टनंतर यादीत आता एकच नाव उरलंय, प्रिंट-स्कॅन सगळं नीट चालू आहे. थंब मशीनच्या मागच्या स्टिकरवर एल0 निघालं, तर वहिनीशी बोललो, नवीन एल1 घ्यायचं ठरलं. पॉलिसी रविवारी दुकान बंद असताना लावतो. एकच राहिलं, तोपर्यंत पेन ड्राइव्हवाल्यांना फाइल मेल करायला सांगतोय, पण बऱ्याच वयस्कर लोकांना ते जमत नाही, त्यांच्यासाठी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून, नेट न देता, नुसती प्रिंट काढून देणं कुणी केलंय का? प्रिंटर दोन्हीकडे आलटून पालटून लावावा लागेल, ते चालेल का तेही सांगा.