रात्री बोटीवरून मोठा मासा गरवायचाय, पाच जण हाव, कुणी गेलंय काय?

टिळकवाडीचा_गळ
मंडळी नमस्कार. आम्ही बेळगावातले पाच दोस्त, हिडकल डॅमवर गळ टाकत बसणारे, मरळ नाहीतर कटला एवढीच आमची मजल. आता दिवाळी झाली की मालवणला जायचं, रात्रभर बोटीत बसायचं आणि मोठं काहीतरी काढायचंच असं पोरांच्या डोक्यात बसलंय. एकानं तांबोशीचा (समुद्रातला लाल मासा) व्हिडिओ बघितला, तवापासून त्याला झोप नाही. माझ्याकडं आठ फुटी रॉड हाय, वीस पौंड ताण सोसणारी लाईन, गेल्या साली चार किलोचा कटला आरामात ओढला. तेवढ्यावर भागतंय काय? बोटवाला फोनवर "सगळं होतंय, या तुम्ही" एवढंच म्हणालाय, खरं त्यानं समाधान होईना. आणि आमच्यातल्या एकाला आंबोली घाटातच उलट्या होतात, तो बी येणार म्हणालाय.

निपाणीचा_पाव्हणा
वीस पौंड घरातच ठेवा बगा. मी बी अशाच तोऱ्यात गेलतो. रात्री साडेअकराला रॉडचं टोक सरळ पाण्यात गेलं आणि मी आपला कटला दमवतात तशी लाईन सोडत बसलो, हिथंच चुकलं. कटला मोकळ्या पाण्यात पळतोय, गोब्रा (खडकातला मोठा मासा) खाली खडकात शिरतोय. दोन मिनिटं हाताला नुसती करकर लागली आणि लाईन ढिली. वर ओढून बघतोय तर टोक कापूस पिंजल्यासारखं. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, एक शब्द बोलला नाही, बिडी पेटवली आणि स्वतःची हातगरी (रॉडशिवाय हातानं धरायची गळाची दोरी) माझ्या हातात दिली. तिच्यावर शेवटी एक शिंगाळा (मिशावाला मासा) लागला, तो मी हातानंच सोडवायला निघालो तर तांडेल असा ओरडला की बोट हलली. त्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही कल्ल्यांजवळचा काटा विषारी असतोय, पक्कड घेऊन जावा.
निदान पन्नास पौंडाची ब्रेडेड (विणलेली) लाईन, पुढं गळाजवळ त्याहून जाड दोरीचा तुकडा, म्हणजे लीडर, आणि मासा लागला की पहिल्या दहा सेकंदात त्याला तळापासनं वर उचलायचा. ब्रेडेड लाईन हाताला गुंडाळू नका, हाताचं बोट कापतंय. सुरमई लागायची आशा असेल तर तारेचा लीडर पायजे, तिचे दात कात्रीगत चालतात.

मालवण_सासरवाडी
दादा, रॉडचं नंतर बघा, आधी तिथी बघा. आमचे सासरे म्हणतात भांगाच्या दिवसात या, म्हणजे अष्टमीच्या आसपास. अमावस्या-पौर्णिमेला उधाणाचा करंट असला की लाईनीला बांधलेलं शिसाचं वजन तळाला टिकतच नाही, रात्रभर नुसतं लाईन गुंडाळत बसायचं. भरती-ओहोटी बदलताना तासभर खरी गंमत असते, बाकी वेळ गप्पा मारा. रात्री मतलई वारा जमिनीवरून येतो म्हणून पाणी दुपारपेक्षा बरं असतं, तरी निघायच्या दिवशी इन्कॉइसचा (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) लाटांचा अंदाज बघाच.
उलटीवाल्या भाऊजींना बोट लागणार हे धरूनच चाला. गोळी बोटीत चढायच्या तासभर आधी द्यायची, उलटी सुरू झाल्यावर देऊन उपयोग नाही. त्या गोळीनं झोप येते, त्यामुळं वर बियर बिलकुल नको (पाच जण म्हटल्यावर सांगावं लागतंय). लाईफ जॅकेट पाच आहेत काय हे विचारू नका, अंगावर घालूनच चढा, नाहीतर ती फळीखाली दोरीनं बांधलेली असतात.
बोटवाला मासे गोळा करायला एलईडीचा झगझगाट करतो म्हणाला तर दुसरी बोट बघा. तसल्या मासेमारीवर २०१७ पासून बंदी आहे आणि गावात त्यावरून भांडणं होतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथं गळ सोडू नका.

खानापूर_एक्स्प्रेस
मला विचाराल तर रात्र कशाला, पहाटे चारला निघा आणि सुरमईसाठी ट्रोलिंग करा, म्हणजे चालत्या बोटीमागं गळ ओढत न्या. रात्री काय दिसतंय?

निपाणीचा_पाव्हणा
@खानापूर_एक्स्प्रेस दिसतंय की! आमच्या वेळी लाईन पाण्यात हलली की तिच्याभोवती निळसर ठिणग्या उठायच्या, खालनं मासा वर आला तर त्याचा अख्खा आकार उजेडात दिसायचा. माझा मासा गेला खरं ते बघायला मी परत जाणार हाय. तुमची सुरमई दिवसा बी मिळती.

टिळकवाडीचा_गळ
सगळ्यांचे आभार. रॉड-लाईन बोटवाल्याचीच घ्यायची ठरलं, पन्नास पौंडाची हाय काय हे त्याला विचारून घेतलं. थर्माकोलचा डबा आणि बर्फ आमचा, परत यायला चार तास लागतात म्हणून. वहिनी, तुम्ही म्हणाला तशी अष्टमी बघितली तर ती मंगळवारी पडालीय, आणि आमच्यातले दोघं मंगळवारी खात नाहीत. लई चर्चा झाली ग्रुपवर. धरायला चालतंय, खायचं बुधवारी, असा तोडगा निघालाय.