अनुभव धागा: झाड शेजारचं, भिंत आपली

मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात गेला की शेजारच्या कडुलिंबाची सावली सगळ्यांनाच हवी असते. त्याच कडुलिंबाची मुळं वॉल कम्पाउंड उचलायला लागली की बोलणं बंद होतं. आमच्या नागपूरच्या प्रतापनगरात अशा दोन चांगल्या घरांचे संबंध कायमचे तुटले. तुमच्याकडे काय झालं, कसं निभावलं, खर्च कोणी केला ते सविस्तर लिहा. शेजाऱ्यांची नावं नकोत.

त्रिमूर्तीनगर
आमची गडर लाइन (सांडपाण्याची) दर पावसाळ्यात तुंबायची. प्लंबरने चेंबर उघडून सळई घातली, तर केसांच्या जटेसारखा मुळांचा झुबका बाहेर आला. हे म्हणाले, "काकांच्या करंजाचं आहे, पैसे त्यांनीच द्यावे." काका तावातावाने कुंपणाशी आले. प्लंबर दोघांनाही म्हणाला, "भाऊ, मूळ धड पाइप फोडत नाही. जुना चिनीमातीचा पाइप, जोड गळत होता, ओल सापडली म्हणून मूळ आत शिरलं." जोडातला बारीक तंतू त्याने काकांच्या हातावरच ठेवला. मग काका शांत झाले. आम्ही रबर रिंगचे पीव्हीसी पाइप टाकले, खोदाईचा खर्च काकांनी दिला. करंज उभा आहे.

मनीषनगर
भिंतीला तडा गेला की झाडाला दोष देण्याआधी जमीन पाहा. आमच्याकडे काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. झाड पाणी ओढतं, त्यामुळे आकसणं वाढतं, एवढं खरं. पण स्ट्रक्चरल इंजिनिअरने तड्यावर तारीख घालून खुणा करायला लावल्या. तडा मे महिन्यात रुंदावत होता, ऑगस्टमध्ये मिटत होता. मोठं झाड एकदम तोडलं तर तीच माती पुन्हा पाणी धरून फुगते आणि पाया उचलते, हेही त्यांनीच सांगितलं. शेजारी कुऱ्हाडवाला बोलावून बसले होते, ते थांबले.

महाल
जुना वाडा, सामाईक भिंत, त्यात पाखरांनी पेरलेला उंबर. दत्ताचं झाड, हात कोण लावणार? आजीने पूजा करून रोप लहान असतानाच काढायला सांगितलं होतं. शेजारच्यांनी ऐकलं नाही. आता भिंतीला पोट आलंय. दोन्ही घरांत लहान लेकरं आहेत, म्हणून मला याची फार काळजी वाटते.

नंदनवन
शेजाऱ्याने पार्किंगसाठी जेसीबी लावून आमच्या कडुलिंबाची एका बाजूची मुळं कापली. जूनच्या पहिल्याच वादळात झाड त्यांच्याच गाडीवर कललं. 1975 च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांच्या कायद्यात झाडाला कोणत्याही रीतीने इजा करणं हे तोडण्यातच धरलं आहे. झाड स्वतःच्या अंगणात असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. म्हणून आधी मनपाच्या उद्यान विभागात अर्ज द्या, फोटो जोडा, जमल्यास दोघांच्या सह्यांनी द्या.

बजाजनगर
आम्ही भिंतच बदलली. मुळाच्या दोन्ही बाजूंना पिलर घेतले, वरून बीम टाकला, खाली मुळाला मोकळी जागा ठेवली. खर्च निम्मा-निम्मा. मिस्त्री आधी "काऊन एवढा उपद्व्याप?" म्हणत होता. त्या भिंतीला अजून तडा नाही. महालवाल्यांनो, तुमच्या भिंतीचे फोटो टाका. टेकू लावायचं काम पावसाळ्याआधीच करून घ्या.