घरचं परफ्यूम: ग्रॅममध्ये मोजायचं की मिलीमध्ये?

ताजवा

घरी परफ्यूम जमवणाऱ्यांची सूत्रं वाचताना एक गोष्ट सतत खटकते. "संत्र्याचं तेल १२ थेंब, लवंग ३ थेंब, चंदन ५ मिली, वरून ५० मिलीपर्यंत अल्कोहोल." असं सूत्र दुसऱ्याला वापरता येत नाही आणि लिहिणाऱ्यालाही पुढच्या वेळी हुबेहूब तेच जमत नाही. माझं मत स्पष्ट आहे: तेलं, घन पदार्थ, अल्कोहोल, सगळं काट्यावर आणि सगळं ग्रॅममध्ये.

कारण घनता. संत्र्याच्या तेलाचा १ मिली साधारण ०.८४ ग्रॅम भरतो, लॅव्हेंडरचा ०.८८, चंदनाचा ०.९७, लवंगेचा १.०५ आणि बेंझिल बेंझोएटचा १.१२. संत्रं आणि बेंझिल बेंझोएट मिलीने निम्मं-निम्मं घेतलं, तर वजनाने ते ४३ आणि ५७ होतं. कागदावर लिहिलेलं प्रमाण एक आणि बाटलीतलं दुसरंच.

अल्कोहोलमध्ये तर हा फरक आणखी वाढतो. ९६ टक्के अल्कोहोलची घनता ०.८१ च्या आसपास असते. १५ मिली अर्क (पातळ न केलेलं सुगंधी मिश्रण, घनता ०.९५ धरू) आणि ८५ मिली अल्कोहोल घेऊन "१५ टक्के झालं" असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात अर्क १४.२५ ग्रॅम आणि अल्कोहोल ६८.६ ग्रॅम, म्हणजे वजनाने १७ टक्क्यांच्या वर.

शिवाय व्हॅनिलिन, कुमारिन, अँब्रॉक्सन हे घन पदार्थ आहेत. ते मिलीमध्ये मोजणार कसे? १० ग्रॅम व्हॅनिलिन ९० मिली अल्कोहोलमध्ये विरघळवून बाटलीवर "१० टक्के" लिहिलेलं पुष्कळदा दिसतं. ते द्रावण १२ टक्क्यांचं असतं.

मोजनळी

घनतेचं गणित बरोबर आहे, त्यावर वाद नाही. पण "सगळं काट्यावर" हा आग्रह मला पटत नाही. विशेषतः अल्कोहोलच्या बाबतीत.

अल्कोहोल मिलीने मिळतं, बाटली मिलीची असते, आणि १०० मिलीच्या मोजपात्रात डोळ्यांच्या पातळीवर धरून, द्रवाच्या वक्र पृष्ठभागाचा तळ रेघेशी जुळवून ओतलं तर चूक १ मिलीच्या आत राहते. एक टक्का. १५ टक्क्यांच्या परफ्यूममध्ये त्याने १५ चं १४.९ होईल. एवढा फरक कुठलंही नाक ओळखत नाही.

उलट काट्यावर अल्कोहोल मोजताना ते उडत असतं. रुंद तोंडाच्या बीकरमध्ये ओतलं की शेवटचा आकडा बघता बघता उतरायला लागतो. माणूस मग तो आकडा परत वर आणण्यासाठी थेंब टाकत बसतो. ही अचूकता फक्त दिसायला असते. १५ चं १७ होतं म्हणता, तर घनता एकदा लिहून ठेवा आणि अल्कोहोलचे मिली त्यावरून काढा. ८५ ग्रॅम हवंय ना? १०५ मिली ओता. विषय संपला.

एक मात्र सांगतो: मोजपात्र म्हणजे मोजपात्रच. बीकरवरच्या रेघा अंदाजाच्या असतात, पाच टक्के इकडेतिकडे सहज. मिलीच्या नावाने होणाऱ्या तक्रारी बहुतेक वेळा बीकरच्या असतात.

ताजवा

मोजनळी, १०५ मिली ओता हे खोलीचं तापमान माहीत असेल तर ठीक. अल्कोहोल दर १० अंशांना सुमारे एक टक्का फुगतं. थंडीत आणि उन्हाळ्यात तेच मोजपात्र वेगळं अल्कोहोल देतं; वजन बदलत नाही. उडण्याचं म्हणाल तर अरुंद तोंडाची बाटली घ्या. थेट त्याच बाटलीत वजन करा, म्हणजे एका भांड्यातून दुसऱ्यात ओतताना काठावर राहणारंही वाचतं.

आणि पाणी? पुष्कळ जण शेवटी थोडं शुद्ध पाणी घालतात. ५० मिली अल्कोहोल आणि ५० मिली पाणी एकत्र केलं तर १०० मिली होत नाही, ९६ ते ९७ च्या आसपास भरतं, कारण दोघांचे रेणू एकमेकांत दाटीने बसतात. परफ्यूममध्ये पाणी थोडंच असतं, त्यामुळे तूटही लहान असते. पण "वरून ५० मिलीपर्यंत भरा" म्हटलं की ती तूट अल्कोहोलने भरून निघते आणि प्रमाण सरकतं. ५० ग्रॅम अल्कोहोल आणि ५० ग्रॅम पाणी मात्र १०० ग्रॅमच होतं.

गुंज

मला तिसरीच बाजू मांडायची आहे. वजनाचा आग्रह धरणारे लोक काट्याबद्दल बोलतच नाहीत. घरात बहुतेकांकडे ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा असतो. तेलाचा एक थेंब असतो ०.०२ ते ०.०३ ग्रॅमचा. म्हणजे काट्याच्या भाषेत दोन किंवा तीन पायऱ्या. ०.०२५ चा थेंब तो ०.०२ दाखवेल किंवा ०.०३. तिथेच २० टक्के चूक झाली, आणि आकडा छापील दिसतो म्हणून आपण त्यावर विश्वास ठेवतो.

ठोकताळा असा धरा: ०.०१ च्या काट्यावर अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी काही मोजू नका. त्याखाली जायचं असेल तर ०.००१ चा काटा घ्या, किंवा पदार्थ आधी १० टक्क्यांवर पातळ करा आणि दहापट वजन घ्या.

०.००१ च्या काट्याचीही पथ्यं आहेत. त्याची क्षमता पुष्कळदा २० ते ५० ग्रॅमच असते, त्यामुळे जाड काचेचं बीकर ठेवलं की निम्मी क्षमता तिथेच संपते. हलकी काचेची कुपी ठेवा. पॉलिस्टायरीनचा पारदर्शक प्लास्टिक कप ठेवू नका; संत्रं-लिंबाच्या तेलातलं लिमोनीन तो विरघळवतं, तळ आधी धुरकट होतो आणि मग चिकट. पंखा बंद हवा. भांडं गरम असेल तर वर उठणाऱ्या हवेमुळे वजन कमी दिसतं, म्हणून रेझिनॉइड (झाडाच्या राळेपासूनचा दाट पदार्थ) गरम पाण्यात धरून पातळ केलं असेल तर कुपी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट वेगळीच. काटा शून्यावर आणून एकेक थेंब सावकाश टाकला, तर पुष्कळ काटे तो थेंब मोजतच नाहीत. शून्याजवळची बारीक हालचाल म्हणजे काटा सरकतोय असं समजून ते स्वतःच पुन्हा शून्य करतात. चार थेंब पडले तरी ०.००. मग पाचव्याला एकदम आकडा उडी मारतो आणि तोवर पदार्थ जास्त झालेला असतो. उपाय सोपा आहे: टेअर, म्हणजे काटा शून्यावर आणायचं बटण, दाबूच नका. रिकाम्या कुपीचं वजन दिसू द्या, समजा ११.४२, आणि कागदावर पुढचे आकडे बेरजेने लिहा. ११.४२, मग १२.०२, मग १२.५७. काटा मध्येच आपोआप बंद पडला तरी हिशेब हातात राहतो.

थेंबाथेंबाने

गुंजने जे लिहिलंय त्यावरूनच माझा मुद्दा सिद्ध होतो. शोध चालू असताना काटा आड येतो.

पद्धत अशी ठेवा: सगळे पदार्थ आधी एकाच अल्कोहोलमध्ये १० टक्क्यांवर आणायचे. हे द्रावण करताना जरूर वजन करा, १ ग्रॅम पदार्थ आणि ९ ग्रॅम अल्कोहोल. एकदा हे झालं की प्रत्येक बाटलीत नव्वद टक्के तेच अल्कोहोल आहे, म्हणून सगळ्यांची घनता जवळजवळ सारखी आणि थेंबाचा आकारही सारखा. वर ज्या घनतेच्या फरकावर इतकं लिहिलं गेलं तो इथे उरतच नाही. एकाच प्रकारचे ड्रॉपर घ्या, उभे धरा, तिरपे नाही. तिरपा धरला की थेंबाचं वजन बदलतं. मग ५ थेंब हे, ३ थेंब ते, एक थेंब तिसरं, कागदी पट्टीवर टाका, वास घ्या, बदला. पंधरा मिनिटांत सहा प्रयोग होतात. काट्यावर तेवढ्या वेळात दोनच होतील, आणि नाकाला दोन वासांतला फरक टिपायचा तर ते एकामागोमाग लागतात.

ताजवा

अल्कोहोलमध्ये सारखेपणा येतो हे मान्य. पण लोक अर्धे पदार्थ अल्कोहोलमध्ये आणि अर्धे डायप्रोपिलीन ग्लायकोलमध्ये पातळ करतात. त्याची घनता १.०२ आणि पृष्ठताणही जास्त, त्यामुळे एकाच ड्रॉपरमधून त्याचा थेंब अल्कोहोलच्या थेंबापेक्षा साधारण दीडपट जड पडतो. "थेंब" हे एकक एकाच सूत्रात दोन अर्थांनी वापरलं जातं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. पाण्याचे २० थेंब म्हणजे १ मिली हे सगळे पाठ म्हणतात, पण त्याच टोकातून अल्कोहोलचे ५० च्या आसपास थेंब पडतात.

थेंबाथेंबाने

मग सगळं एकाच द्रावकात करा. डायप्रोपिलीनच हवं असेल तर सगळं डायप्रोपिलीनमध्ये. यात थेंबाचा दोष नाही.

आणि आवडलेला प्रयोग मोठा करायची वेळ आली की ड्रॉपरचं माप काढा: त्याच द्रावणाचे २० थेंब कुपीत टाका, वजन बघा, वीसने भागा. ०.३२ ग्रॅम आलं तर थेंब ०.०१६ चा. सूत्रातले सगळे थेंब त्याने गुणले की ग्रॅम मिळाले. म्हणजे काटा लागतो, पण एकदाच.

सालरस

सिरिंजने मिली मोजणाऱ्यांसाठी एक. काळ्या रबराच्या दट्ट्याची सिरिंज लिंबूवर्गीय तेलांत फार टिकत नाही. रबर फुगतं, दट्ट्या अडकून झटक्याने पुढे जातो आणि ०.३ च्या जागी ०.५ पडतं. छापलेल्या रेघाही बोटाला लागून पुसल्या जातात. मिलीनेच मोजायचं तर काचेचं पिपेट आणि वर रबरी फुगा, तोंडाने ओढणं कधीच नाही. दाट पदार्थ, म्हणजे बेंझॉइन, लॅबडॅनम, ओकमॉस, हे पिपेटने मोजायचा प्रयत्न करू नका. नळीच्या आत थर राहतो आणि तो किती राहिला हे कळत नाही.

मोजनळी

दाट पदार्थांना काटा, हे मी कधीच नाकारलं नाही. माझं म्हणणं अल्कोहोलबद्दल होतं आणि ते कायम आहे. १५ की १७ टक्के याने वासात काय बिघडतं ते कुणी सांगावं.

ओलं शेवाळ

वासात नाही, त्वचेवर बिघडतं. मोजनळी, तुमचा एक टक्का चालेल. पण १५ च्या नावाखाली १७ चालणार नाही.

आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेच्या, म्हणजे इफ्राच्या, मर्यादा तयार मालातल्या वजनाच्या टक्क्यांत दिलेल्या असतात. त्वचेवर लावायच्या परफ्यूममध्ये ओकमॉस ०.१ टक्का. सालीतून दाबून काढलेलं आणि बर्गाप्टेन (उन्हात त्वचा भाजवणारा घटक) न काढलेलं बर्गामोट तेल उन्हात जाणाऱ्या त्वचेसाठी ०.४ टक्का. आता बघा: कुणी १५ टक्क्यांचा हिशेब धरून अर्कात ०.६७ टक्के ओकमॉस ठेवलं, म्हणजे तयार मालात बरोबर ०.१. मग पातळ करताना मिली वापरून १७.२ केलं. ओकमॉस ०.११५ झालं. मर्यादा ओलांडली गेली, आणि वहीत तर सगळं नियमात दिसतंय.

लहान बाटलीत हे जास्त अवघड होतं. १५ टक्क्यांचं ५० मिली परफ्यूम म्हणजे सुमारे ४१ ग्रॅम. त्यात ०.१ टक्का ओकमॉस म्हणजे ०.०४१ ग्रॅम. दाट ओकमॉसचा एक थेंब कमी, दोन जास्त. ०.०१ च्या काट्यावर हे वजन मोजण्यासारखं नाही. १० टक्क्यांच्या द्रावणातून ०.४१ ग्रॅम घ्या. गुंजने सांगितलेल्या अर्ध्या ग्रॅमच्या थोडं खालीच येतं, म्हणून मी ०.३८ वर थांबायला सांगेन. मर्यादेच्या पदार्थात चूक झालीच तर कमीकडे व्हावी.

गुंज

०.३८ योग्य. त्याला जोडून क्रमाबद्दल लिहितो, कारण काट्यावर एकदा पडलेला थेंब परत काढता येत नाही आणि पुष्कळ जण इथे अख्खा घाणा टाकून देतात.

तीव्र आणि थोडे लागणारे पदार्थ आधी घाला, कुपी रिकामी असताना. ०.५० ग्रॅमच्या जागी ०.६० पडलं तर अजून काहीच वाया गेलेलं नाही, ०.६० भागिले ०.५० म्हणजे १.२, बाकीची सगळी वजनं १.२ ने गुणा आणि पुढे चला. २० ग्रॅमचा घाणा २४ चा होईल, एवढंच. तोच पदार्थ शेवटी घातला आणि जास्त पडला, तर आधीचा प्रत्येक पदार्थ पुन्हा उघडून वाढवावा लागतो. मर्यादेचा पदार्थ असेल तर गुणण्याआधी एवढी तेलं आणि एवढं अल्कोहोल घरात आहे का ते बघा.

सगळ्यात स्वस्त आणि जास्त लागणारं शेवटी. ते आधी जाड धारेने, मग शेवटचा अर्धा ग्रॅम थेंबाने.

मोजनळी

मर्यादेचा हिशेब मान्य करतो. टक्केवारी वजनानेच धरायची, त्यात आता माझी हरकत नाही. पण ४१ ग्रॅमच्या बाटलीत ६.२ ग्रॅम अर्क काट्यावर घेतल्यावर उरलेलं ३५ ग्रॅम अल्कोहोल मी मोजपात्रानेच घालणार, ४३ मिली. तापमान आणि उडणं सगळं धरून चूक फार तर एक टक्का, आणि ओकमॉस ०.१ चं ०.१०१ होईल. ०.३८ घेतलं असेल तर तेही नाही.

ताजवा

०.३८ घेतलं असेल आणि पाणी घालायचं नसेल तर ४३ मिली चालेल. फक्त बाटलीच्या चिठ्ठीवर "४३ मिली" लिहू नका, "३५ ग्रॅम" लिहा. पुढच्या वेळी अल्कोहोल ९६ ऐवजी ९० टक्क्यांचं आलं की त्याची घनता वेगळी, मिली बदलतील, ग्रॅम नाही.