मदत हवी आहे: आजोबांविषयीच्या विकिपीडिया लेखातील चूक मी स्वतः दुरुस्त करावी का?

सप्रेम नमस्कार.

मी इंदूरची. माझे आजोबा होळकर संघाकडून रणजी करंडकाचे मोजके सामने खेळले होते आणि इंग्रजी विकिपीडियावर त्यांच्याविषयी सात-आठ ओळींचा लेख आहे. तो कोणी लिहिला हे आम्हांला ठाऊक नाही. अलीकडे त्यात एक वाक्य वाढले, की १९४७ च्या मार्चमध्ये बडोद्याला झालेल्या अंतिम सामन्यात आजोबा खेळले होते. हा तोच सामना, ज्यात विजय हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली. ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दिवसभर चेंडूमागे धावून आलेल्या आजोबांचे तळपाय रात्री काशाच्या वाटीने घासावे लागले, हा त्यातला आत्याचा आवडता भाग.

परंतु धावफलकातील अकरा जणांत आजोबांचे नाव नाही. बदली क्षेत्ररक्षक म्हणून ते काही वेळ मैदानात उतरले असतील, कारण अशा खेळाडूने झेल घेतला नाही तर धावफलकात त्याची काही खूण उरत नाही. पण तेवढ्यावरून विश्वकोशात 'खेळले' असे लिहिणे मला पटेना, म्हणून मी ते वाक्य काढले. दोन दिवसांत ते परत आले. लेखाचा इतिहास उघडून पाहिला, तर ते घालणारा माझा चुलतभाऊच निघाला. घरच्या माणसांच्या सांगण्याहून मोठा पुरावा कोणता, असे त्याचे म्हणणे. आमच्या दोघांच्याही सदस्यनावात आडनाव असल्यामुळे तिसऱ्याच एका संपादकाने लेखावर हितसंबंधांची पाटी (म्हणजे लिहिणाऱ्याचे लेखविषयाशी जवळचे नाते असल्याची सूचना) लावली आहे, आणि आजोबांच्या नावावर डाग लावल्याचा ठपका घरात माझ्यावर आला आहे.

माझा प्रश्न असा, की मी तर घराण्याला सोयीचे वाक्य काढले. तरीही तो हितसंबंधांचा दोष ठरतो का? शिवाय लेखात जन्मसाल १९२३ आहे, तर घरच्या पेटीतील एका मराठी वर्तमानपत्राच्या कात्रणात ते १९२१ आहे. आजीने कात्रण इतके नेटके कापले आहे, की वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख दोन्ही कातरीखाली गेली. मागे केसांच्या तेलाची अर्धी जाहिरात मात्र शाबूत आहे. हे कात्रण संदर्भ म्हणून चालेल का? त्यासोबत आजोबांचे छायाचित्रही चढवावे, असा आत्याचा आग्रह आहे.

प्रतिसाद:

ताई, आपला हेतू स्वच्छ आहे, पण तो नियम हेतूकडे पाहत नाही, नात्याकडे पाहतो. म्हणून आपले वाक्य काढणे आणि आपल्या भावाचे ते परत घालणे, दोन्ही एकाच रकान्यात जातात. संपादनास सरसकट बंदी नाही, मात्र थेट हात घालू नये असा स्पष्ट सल्ला आहे. खुद्द विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स यांनी स्वतःविषयीच्या लेखात बदल केल्यावरून २००५ मध्ये त्यांच्यावर टीका झाली होती. आपण दोघांनीही आपापल्या सदस्यपानावर नाते जाहीर करावे. मग लेखाच्या चर्चापानावर नेमके कोणते वाक्य, कोणत्या धावफलकाच्या आधारे काढावे, अशी विनंती ठेवावी. निर्णय त्रयस्थ संपादक घेईल. पाटी स्वतः काढू नये आणि भावाशी उलटवाउलटवी तर मुळीच करू नये, कारण एका लेखात चोवीस तासांत तीनहून अधिक वेळा बदल उलटवले तर खाते रोखले जाऊ शकते.

संदर्भ जालावर उपलब्ध असला पाहिजे असे नाही. जुने वर्तमानपत्रही चालते, पण त्याचे नाव आणि तारीख हवीच. छायाचित्राचा हक्क ज्याच्या पेटीत प्रत आहे त्याचा नसून सहसा छायाचित्रकाराचा असतो, तेव्हा ते कोणी आणि केव्हा काढले हे कळेपर्यंत थांबावे.

धागाकर्ती:

आभारी आहे. सदस्यपानावर नाते लिहिले आणि चर्चापानावर विनंतीही ठेवली आहे. भावाने अद्याप काही लिहिलेले नाही. जाहिरातीतल्या तेलाचे नाव पूर्ण वाचता येते, तेव्हा तेवढ्यावरून जुन्या अंकांत ते पान शोधण्यासाठी ग्रंथालयात जाऊन येते. इंदूरच्या जुन्या मराठी वर्तमानपत्रांच्या फायली कोठे जपून ठेवल्या आहेत हे कोणास ठाऊक असल्यास कृपया येथेच कळवावे.